मराठी वाहिन्यांच्या प्रोग्रामिंग हेड्सना नागपूरहून एका असिस्टंट प्रोड्युसरचं खुलं पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे प्रोग्रामिंग हेड
आणि त्यांना कार्यक्रम बनवून देणाऱ्या निर्मिती संस्थांचे मालक,
मुंबई

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

गेल्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी आम्हा तिघांना व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि सांगितलं की नागपूरचं डेव्हलपमेंट डेस्क महिनाअखेर बंद होतंय. अकरा मिनिटं चालला कॉल. कारण काय तर विदर्भातलं जे काही लागेल ते आता मुंबईतूनच बघता येईल, रिसर्च काय फोनवरही होतो, आणि लोकांचे नंबर तर तुमच्या शीटमध्ये आहेतच, ती शीट शुक्रवारपर्यंत पाठवून द्या. मी पाठवली. 412 नावं आहेत त्यात, नऊ वर्षांत एकेक करून जमवलेली, कोणाच्या घरी तीन-तीनदा चकरा मारून, कोणाच्या लेकीच्या लग्नात जेवून, कोणाच्या शेतात धुऱ्यावर बसून. ती शीट कोणाच्या मालकीची हे त्या अकरा मिनिटांत कोणी बोललं नाही, आणि खरं सांगते, मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

हे पत्र एका कंपनीला नाही म्हणून कोणाचं नाव घेत नाही. इथे हेच काम करणाऱ्या कोणालाही विचारा, थोड्याफार फरकाने हीच गोष्ट ऐकायला मिळेल. दोन मेल करून झाले, उत्तर नाही आलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी जे वाचतायत त्यांच्यासाठी सांगते की आम्ही करतो काय, कारण माझ्या घरच्यांनाही ते अजून नीट कळलेलं नाही, मावशी दर दिवाळीला विचारते की तुझा कार्यक्रम कधी लागते. टीव्हीवर जो कार्यक्रम दिसतो त्याच्या आधी सहा महिने, कधी दोन वर्षं, तो कागदावर असतो. विषय शोधायचा, त्यातली माणसं शोधायची, त्यांच्याशी बोलून बघायचं की कॅमेऱ्यासमोर बोलतील का, मग एक पानाची कन्सेप्ट नोट, ती आवडली तर पूर्ण डेक, म्हणजे सविस्तर सादरीकरण, मालिका असेल तर बायबल, म्हणजे पात्रं, त्यांची घरं, त्यांचा भूतकाळ, पहिल्या तीस भागांचा ट्रॅक. नॉन-फिक्शन असेल तर मोबाईलवर का होईना पण दोन-तीन मिनिटांचं टेप, लोकेशनची रेकी, अंदाजे बजेट, प्रत्येकाची रिलीज फॉर्मवर, म्हणजे चित्रण दाखवायच्या परवानगीच्या कागदावर, सही. मग ते सगळं घेऊन कोणीतरी सीनियर तुमच्यासमोर पिच करतो. शंभरातून एखादं काही हवेत जातं आणि बाकीचं होल्डवर जातं. याची आम्हाला तक्रार नाही, हा धंदा असाच आहे, मी पहिल्या वर्षीच शिकले. तक्रार आहे ती पुढची.

तीन वर्षांपूर्वी मी झाडीपट्टीवर एक कार्यक्रम डेव्हलप करत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा धानाचा आणि जंगलाचा पट्टा, तिथे दिवाळीनंतर धान निघालं की मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, होळीपर्यंत. सगळ्या कंपन्यांची ऑफिसं वडशाला, देसाईगंज म्हणतात ते. गाव बुकिंग करतं, गावच तिकीट विकतं, कुठलं अनुदान नाही, कुठला स्पॉन्सर नाही, आणि थंडीत पहाटेपर्यंत मांडव भरलेला असतो. या रंगभूमीच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी दोन मिनिटांची बातमी केली होती, मला आठवतं, कारण त्या आठवड्यात मुंबईहून चार फोन आले की तुझ्याकडे झाडीपट्टीचं काही आहे का.

माझ्याकडे होतं. मी दोन सिझन तिकडे जात होते, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा, बहुतेक वेळा एसटीने, कधी मैत्रिणीची गाडी मागून. एका गावात एका बाईंचं काम बघितलं, पन्नाशीच्या पुढच्या आहेत, नाव लिहीत नाही, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नाही. पहाटे साडेपाचला नाटक सुटलं, मी पडद्यामागे गेले तर त्या पत्र्याच्या पेटीवर बसून खोबरेल तेलाने रंग काढत होत्या, हातात जुन्या लुगड्याचा तुकडा, अर्धा चेहरा राणीचा आणि अर्धा त्यांचा स्वतःचा. शाळेत कधी गेल्या नाहीत. सगळी नाटकं कानाने पाठ, प्रॉम्प्टरकडून ऐकून ऐकून. सही शिकल्या चाळिशीत, बँकेत अंगठा द्यायची लाज वाटायला लागली म्हणून नातवाच्या पाटीवर. मी रिलीज फॉर्म पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा मागवला, फॉर्म मांडीवर सरळ केला आणि एकेक अक्षर थांबून थांबून लिहिलं, आणि मग मला विचारलं, "पोरी, आता टीव्हीत माझं नाव येईन ना?"

मी हो म्हटलं. ते हो मी म्हटलेलं आहे, तुम्ही नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

कन्सेप्ट तुमच्यापैकी एका ठिकाणी गेला, फार रीजनल वाटतंय म्हणून परत आला. ठीक. आठ-नऊ महिन्यांनी एका दुसऱ्याच कार्यक्रमात, विनोदी कार्यक्रमात, त्या बाई आणि आणखी तीन कलाकार उभे दिसले. माझ्याच शीटमधून नंबर घेतले होते, प्रश्नही माझ्याच नोटमधले, दोन प्रश्न तर शब्दाला शब्द. पाच मिनिटांचा तुकडा. त्या बोलायला लागल्या की पार्श्वभूमीला हसण्याचा आवाज टाकलेला, आणि खाली पट्टीवर काय, तर "झाडीपट्टीच्या कलाकार". नाव नाही. जाण्यायेण्याचं तिकीट दिलं, जेवण दिलं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला मला. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, एवढंच विचारलं, "मले हासाले बोलावलं होतं का व माय?"

मी त्यांना काय उत्तर द्यायचं ते सांगा.

आता मुद्द्यावर येते.

एक. डेव्हलपमेंट हे काम आहे आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. मला महिना 28 हजार रिटेनर, म्हणजे पगार नाही पण ठरलेली रक्कम, होतं, इनव्हॉइस टाकायचं, 10 टक्के टीडीएस कापून यायचं, पीएफ नाही, सुट्टी नाही, आणि ते नव्वद दिवसांनी आलं तर आलं. मला तरी रिटेनर होतं. ज्या मुलांना आम्ही टेप शूट करायला सांगतो, वऱ्हाडी संवाद लिहायला सांगतो, त्यांना म्हटलं जातं की प्रोजेक्ट ग्रीनलाइट झालं, म्हणजे वाहिनीने मंजूर केलं, की बघू. एका मुलाने अठरा भागांचे संवाद लिहून दिले होते, अठरा, त्याला शेवटी एक ट्रॉफीचा फोटो काढू दिला ऑफिसमध्ये. तो आता हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्ट करतो. चांगला लिहायचा हो, कान होता त्याला, एका वाक्यात कळायचं पात्र भंडाऱ्याचं आहे की अकोल्याचं.

दोन. नाव. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, तुमच्या लीगल टीमला पाठ असेल, पण इथल्या मुलांना कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. नुसत्या आयडियावर कोणाचा हक्क नसतो, हे सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच सांगितलंय आणि तुम्ही आम्हाला तेवढंच सांगता. पण लिहून काढलेली नोट, बायबल, संवाद यांच्यावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. तुम्ही नोकरीवर ठेवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही तर आम्हाला नोकर मानतच नाही, तुमच्याच कागदावर आम्ही फ्रीलान्सर आहोत, मग कलम 19 प्रमाणे हक्क घ्यायचे तर लेखी आणि सही करून घ्यावे लागतात. आणि हक्क विकले तरी कलम 57 प्रमाणे हे माझं लिखाण आहे असं सांगायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर असाच अधिकार कलाकारालाही आहे, आपण सादर केलेल्या कामाला आपलं नाव लागावं हा. म्हणजे वडशाच्या त्या बाई जे मागत होत्या ते काही उपकार म्हणून मागत नव्हत्या. आणि 2003 मध्ये मुंबई हायकोर्टाने एका मालिकेच्या प्रकरणात मान्य केलंय की विश्वासाने वाहिनीला दाखवलेली, नीट विकसित केलेली कन्सेप्ट ही गोपनीय माहिती असते, ती परस्पर वापरता येत नाही. ज्यांच्या विरोधात तो आदेश होता तेही टीव्हीवालेच होते, तेव्हा हे कोणाला माहीतच नाही असं म्हणू नका.

(इथे मुलांसाठी, पत्र सोडून: स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे आपल्या लिखाणाची नोंदणी ऑनलाइन होते, मुंबईला जावं लागत नाही. नोट मेल करायच्या आधी करा. मी सहा वर्षं केली नाही.)

तीन. आमची बोली. 2016 ते 2021 'माझ्या नवऱ्याची बायको' चालली, नागपूरची राधिका त्यात नायिका होती, आपल्या बोलीत बोलायची, आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती घरात घेतली. तेव्हा वाटलं आता दार उघडलं. मी जो सांगतेय तो अनुभव त्यानंतरचा आहे. आजही ब्रीफ येतो तो असा, विदर्भाचं कॅरेक्टर आहे, घरगडी आहे किंवा वॉचमन आहे, फनी बोलू दे, "बे" आणि "काऊन" टाका भरपूर. कोल्हापूर-साताऱ्याच्या बोलीत तुमचे नायक प्रेम करतात, मालवणीत घरातली मोठी माणसं निर्णय घेतात, आणि आमच्या बोलीत फक्त पडायचं धडपडायचं. मी "करून राहिली" म्हणते कारण माझी आई म्हणते, तिची आई म्हणायची, हे शहर मध्य प्रांताची आणि नंतर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी इथे एकाच अंगणात वाढल्या, त्याचा तो खुणेचा दगड आहे. आणि 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फेटे बांधून प्रोमो केले ना, तो दर्जा मागताना पुरावा म्हणून ज्या ग्रंथाचं नाव आपण सगळे अभिमानाने घेतो ते लीळाचरित्र रिद्धपूरला लिहिलं गेलं, अमरावती जिल्ह्यात, आमच्या वऱ्हाडात. मराठीतला पहिला मानला जाणारा गद्य ग्रंथ तिथला. त्या मातीतल्या माणसाच्या बोलण्यावर हसण्याचा आवाज टाकताना एडिटवर बसलेल्या एकालाही अवघडल्यासारखं वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

आणि कृपया असं समजू नका की आम्हाला विनोद चालत नाही. आमच्याकडे दंडार आहे, खडी गंमत आहे, ही आमची लोकनाट्यं, माणूस पोट धरून हसतो. पण तिथे हसवणारा आपल्या इच्छेने हसवतो.

चार, फोनवरचा रिसर्च. दोन वर्षांपूर्वी मारबतीवर काही करायचं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते, इतवारीत गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं शहर रस्त्यावर, बडगे म्हणजे आणखी पुतळे असतात, त्यांच्यावर त्या त्या वर्षीचा राग लिहिलेला असतो, महागाईपासून खड्ड्यांपर्यंत. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट, एवढ्या मोठ्या प्रमाणावर नागपुराशिवाय कुठे बघायला मिळत नाही. मी जूनपासून मागे लागले होते की युनिट पाठवा, तारीख ठरलेली आहे, हलणार नाही. युनिट नाही आलं. मिरवणूक झाल्यावर तीन दिवसांनी मुंबईहून फोन, की पुढच्या शुक्रवारी आपण येतोय, ती मिरवणूक परत करून घेता येईल का, शंभरेक लोक जमव. अहो, मारबत जाळून टाकतात. तिच्यासोबत शहराची पीडा जाते म्हणून जाळतात. ती परत आणा असं मी कोणत्या तोंडाने इतवारीत जाऊन सांगू? फोनवर रिसर्च केला की हे होतं. माणूस वाईट नव्हता फोन करणारा, त्याने कधी बघितलंच नव्हतं.

बाकी छोट्या तक्रारी आहेत, रेकीचं पेट्रोल आपल्या खिशातून, मुंबईला मीटिंगला बोलवायचं आणि विदर्भ एक्स्प्रेसच्या स्लीपरचं तिकीट स्वतः काढा म्हणायचं, त्या सोडून देते.

तुम्ही म्हणाल परवडत नाही. गुरुवारी रेटिंग येतं, शुक्रवारी स्लॉट जातो, मलाही माहीत आहे, ती धास्ती मी तुमच्या लोकांच्या आवाजात ऐकलेली आहे. पण महाराष्ट्राचे जिल्हे 36, त्यातले 11 आमचे. या 11 जिल्ह्यांतला माणूसही तुमचं चॅनल पॅक घेतो, तुमच्या जाहिरातीतलं साबण-तेल घेतो. 1953 च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला गेला म्हणून विधिमंडळाचं एक अधिवेशन तरी इथे येतं, डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये न्यूजवाल्यांच्या ओबी व्हॅनची, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, रांग लागते, आणि अधिवेशन संपलं की आठ तासांत रस्ता रिकामा. मनोरंजनवाले तर तेवढंही येत नाहीत. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण झाला, 701 किलोमीटर, आता तर सकाळी निघून संध्याकाळी पोचता येतं. अंतर ही सबब तरी आता पुरत नाही.

तर माझी मागणी ही आहे, आणि ती लेखी उत्तराच्या अपेक्षेने करतेय.

नागपुरात डेव्हलपमेंटची निदान दोन माणसं ठेवा, पगारावर, आणि त्यांच्यापैकी एकाला पिचिंगच्या मीटिंगमध्ये बसू द्या. माणूस माझ्याऐवजी दुसरा असला तरी चालेल, मी हे माझ्या नोकरीसाठी लिहीत नाहीये.

कन्सेप्ट नोट वाचायच्या आधी एक पानाचा करार करा, की नाकारलं तर वापरणार नाही, वापरलं तर नाव आणि पैसे देऊ. नोटचे, टेपचे, संवादाचे पैसे काम झालं की द्या, ग्रीनलाइटची वाट न बघता. रक्कम काय ते आपण बसून ठरवू, पण शून्य नको.

एंड क्रेडिटमध्ये रिसर्च आणि डेव्हलपमेंट करणाऱ्यांची नावं घाला. ज्या वेगाने ती पळतात त्या वेगाने पळाली तरी चालतील.

गावातल्या कलाकाराला बोलावलं तर मानधन द्या, पट्टीवर पूर्ण नाव लिहा, आणि तो तुकडा कोणत्या कार्यक्रमात, कशा पद्धतीने दाखवणार ते आधी त्याच्याच भाषेत समजावून सांगा. फॉर्म इंग्रजीत देऊ नका. आमच्या हातून इतकी वर्षं लोकांच्या इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतल्या गेल्या, मी घेतल्या, तेव्हा यात मीही सामील आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

बोली लिहायला बोली बोलणारा लेखक घ्या. इथे लिहिणारी मुलं भरपूर आहेत, राज्य नाट्य स्पर्धेत, कॉलेजच्या एकांकिकांत, वडशाच्या कंपन्यांत.

आणि ती शीट. त्या 412 लोकांना एकेक मेसेज जाऊ द्या की तुमचा नंबर आता अमुक कंपनीकडे आहे, चालेल का. ज्यांना नको असेल त्यांची नावं काढून टाका. त्यांनी नंबर मला दिला होता, माझ्या ओळखीवर.

भाऊबीजेनंतर सिझन सुरू होतोय. त्या बाईंच्या पहिल्या प्रयोगाला मी जाणार आहे, कबूल केलंय, डेस्क असो नसो. नाटक सुटल्यावर त्या पेटीवर बसतील आणि मला विचारतील की पोरी, काय म्हणाले ते मुंबईवाले. त्याआधी तुमचं उत्तर यावं. माझा मेल आयडी तुमच्याकडे आहे, त्याच शीटच्या पहिल्या ओळीत.

आपली,
एक असिस्टंट प्रोड्युसर
मानेवाडा, नागपूर